कोलंबसहून एका दिवसात ओहायो: सहल परतीपासून उलटी आखा

ओहायोत नव्याने आलेल्या मंडळींची पहिली सहल बहुतेक वेळा एकाच पद्धतीने फसते. शनिवारी निवांत पोहे, अकराला घर सोडायचं, सव्वाबाराला हॉकिंग हिल्स उद्यानातल्या ओल्ड मॅन्स केव्हच्या पार्किंगमध्ये गोल गोल फिरायचं, दोनला भूक, चारला पोरं पेंगुळलेली. फोटो मात्र छान येतात, त्यामुळे पुढच्या वेळीही तेच होतं. चूक उशिरा उठण्यात नसते. ‘किती वाजता निघायचं’ इथून आखणी सुरू होते, ती चूक. आधी परतीची अडचण शोधायची (मावळतीची वेळ, शेवटची बोट, बंद होणारं दार) आणि तिथून मागे मोजत यायचं. निघायची वेळ मग आपोआप कळते.

कोलंबस या कामाला फार सोयीचं आहे. शहर राज्याच्या जवळजवळ मधोमध आणि हायवे आऱ्यांसारखे चहूकडे गेलेले. आय-७१ वर क्लीव्हलँड, खाली सिनसिनाटी; आय-७० पश्चिमेला डेटन; यूएस ३३ आग्नेयेला हॉकिंग हिल्स; स्टेट रूट १६ पूर्वेला नुअर्क. यातल्या कशावरही टोल नाही. टोल आहे तो उत्तरेकडच्या ओहायो टर्नपाइकवर, आणि या सहलींमध्ये त्यावर चढायची गरज पडत नाही. गाडी मात्र हवीच. कोलंबसला प्रवासी रेल्वे १९७९ पासून नाही. गाडी भाड्याने घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी पंचवीस वर्षांखालच्या चालकाला दररोज जादा आकार पडतो हे धरूनच हिशेब करावा, आणि चौघांनी मिळून घ्यावी.

आधी आकडेमोड

एक नियम पाळा: एका दिशेचा प्रवास दोन ते सव्वादोन तासांच्या वर नको आणि मुख्य ठिकाण एकच. दुसरं ठिकाण घ्यायचं तर वाटेवरचं किंवा अर्ध्या तासातलं. ‘एवढं लांब आलोच आहोत तर’ या वाक्याने ओहायोतल्या जितक्या सहली बिघडवल्या तितक्या पावसानेही नसतील.

मग मावळती बघा. कोलंबस आपल्या टाइमझोनच्या पश्चिम अंगाला असल्यामुळे जूनच्या अखेरीस सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात पाचच्या जरा पुढे. रंग बघायला सगळे ज्या ऑक्टोबरच्या उत्तरार्धात निघतात तेव्हा साधारण पावणेसात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि एका रात्रीत सहलीचा एक तास गळून पडतो. उन्हाळ्यात दोनच्या बोटीने बेटावर जाऊनही भरपूर उजेड उरतो. नोव्हेंबरात दोनला जंगलात शिरणं म्हणजे बॅटरी लावून बाहेर येणं.

आता हॉकिंगसाठी उलटा हिशेब करून बघू. ऑक्टोबरातला शनिवार, मावळती पावणेसात, पण तिन्हीसांजेला हरणं रस्त्यावर यायच्या आधी हायवे गाठायचा म्हणून पाचला तिथून निघायचं. पायी फिरायला चार तास, जेवणाला एक, ठिकाणं बदलायला एक. म्हणजे अकराला पोचलं तरी चालेल असं वाटतं. पण पार्किंग दहाच्या सुमारास भरायला लागतं, म्हणून साडेआठला पोचायचं. प्रवास सव्वा तासाचा, म्हणून सव्वासातला गाडी हललीच पाहिजे. डबा रात्रीच भरून ठेवायचा. हे सगळं नको असेल तर मंगळवारी रजा टाका आणि आरामात दहाला निघा. गर्दीत गेलेल्या शनिवारपेक्षा रजेचा मंगळवार स्वस्त पडतो.

हॉकिंग हिल्स: नाव ‘केव्ह’, पण आहे ती कपार

कोलंबसहून साधारण साठ मैल. प्रवेश फुकट, पार्किंगही फुकट. ओहायोच्या स्टेट पार्कांना शुल्क नाही. तीस मैल मायलेजच्या गाडीला जाऊन-येऊन चार गॅलन पेट्रोल, तोच काय तो खर्च.

‘केव्ह’ हा शब्द ऐकून अंधारी गुहा डोळ्यांसमोर आणू नका. सह्याद्रीत आपण जिला कपार म्हणतो ती ही जागा. इथला वालुकाश्म थरांचा आहे. वरचा थर टणक, मधला ठिसूळ. पाण्याने मधला खरवडून नेला आणि वरचा छतासारखा पुढे लोंबत राहिला. ॲश केव्ह ही त्यातली सर्वांत मोठी: सुमारे ७०० फूट लांब, १०० फूट खोल, ९० फूट उंच, वर काठावरून धबधबा. दरीच्या तळातून तिथवर जाणारी पाव मैलाची वाट पक्की आणि सपाट आहे. व्हीलचेअर आणि बाबागाडी दोन्ही जातात. आई-बाबा भारतातून आलेले असतील, गुडघे कुरकुरत असतील, तर सुरुवात इथूनच करा. सकाळी गर्दी ओल्ड मॅन्स केव्हकडे धावते, तोपर्यंत ॲश केव्ह जवळजवळ तुमची असते.

त्यानंतर ओल्ड मॅन्स केव्ह. तिथली दरीतली वाट एकेरी केलेली आहे, बाण पाळायचे. मध्येच मागे फिरलात तर दगडी जिन्यात समोरून येणाऱ्या माणसांची भिंत लागते. अंतर मैलाभराचं, पण पायऱ्या, बोगदे आणि ओला दगड यामुळे दीड तास धरा. सीडर फॉल्सला पायऱ्या जास्त आणि नाव चुकीचं आहे: जुन्या वसाहतवाल्यांनी तिथल्या हेमलॉक झाडांनाच सीडर समजून नाव देऊन टाकलं. काँकल्स हॉलोला दोन वाटा आहेत. खालची सोपी. वरची, कड्याच्या काठाने जाणारी अडीच मैलांची, देखणी आहे पण कठडे नाहीत. हात सोडून पळणारी मुलं बरोबर असतील तर वरची वाट विसरा. इथे कुत्र्यालाही परवानगी नाही. चालायची सवय असलेल्यांनी ओल्ड मॅन्स केव्ह ते सीडर फॉल्स ते ॲश केव्ह ही ग्रँडमा गेटवुड वाट करावी, एका बाजूने सहा मैल आहे. परतायला दुसरी गाडी ॲश केव्हला आधीच लावून ठेवा, नाहीतर अंतर दुप्पट होईल. जिचं नाव वाटेला दिलं ती एमा गेटवुड ओहायोचीच. १९५५ मध्ये वयाच्या ६७ व्या वर्षी ती पूर्व अमेरिकेतली अपालाचियन ट्रेल ही लांबलचक पायवाट संपूर्ण, एकटीने चालली. वाटेवर दम लागला की हे एकमेकांना सांगायचं.

धबधब्यासाठी जायचं असेल तर महिना बघा. मार्च ते मे पाणी असतं. ऑगस्ट-सप्टेंबरात ॲश केव्हची धार नळ गळावा तशी होते आणि लोक निराश होऊन परततात. उन्हाळ्यात जायचंच असेल तर मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवसांत जा. जानेवारीत धबधबा गोठून बर्फाचा खांब उभा राहतो, पण पायऱ्याही गोठतात. तेव्हा बुटांवर ताणून बसवायचे दातेरी पट्टे घेतल्याशिवाय खाली उतरू नये.

बिघडतं काय? एक, मोबाइल. लोगन गाव मागे पडलं की सिग्नल येत-जात राहतो आणि दऱ्यांत नाहीच. नकाशा घरीच ऑफलाइन उतरवून घ्या आणि दोन गाड्या असतील तर ‘चुकलो तर एक वाजता व्हिजिटर सेंटरला’ असं आधीच ठरवा. दोन, फोटोसाठी वाट सोडून कड्यावर जाणं. वालुकाश्मावर शेवाळ आणि बारीक रेती असते, पाय बॉलबेअरिंगवर पडल्यासारखा सुटतो. इथे माणसं पडून दगावलेली आहेत आणि वाट सोडली तर दंडही आहे. तीन, पेट्रोल. ते लोगनमध्येच भरा.

डेटन: पावसाचा, थंडीचा आणि सासऱ्यांचा दिवस

हवा बिघडली की बेत रद्द करू नका, पश्चिमेला वळा. डेटनजवळ अमेरिकी हवाई दलाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. प्रवेश आणि पार्किंग फुकट, सकाळी ९ ते संध्याकाळी ५, वर्षातून तीनच दिवस बंद: थँक्सगिव्हिंग, ख्रिसमस, नववर्ष. अंतर सत्तर मैलांच्या आसपास, बहुतेक सगळं आय-७० वर.

इथली चूक म्हणजे क्रमाने बघणं. चार प्रचंड हँगर एकापुढे एक आहेत. लोक पहिल्या हँगरमध्ये प्रत्येक पाटी वाचतात आणि चौथ्यात पोचेपर्यंत पाय गळून जातात. उलटं करा: नऊला आत शिरा, थेट शेवटचं हँगर गाठा. तिथे राष्ट्राध्यक्षांची विमानं आहेत आणि काहींच्या आत चालत जाता येतं. त्यातलं एक एसएएम २६०००. केनेडींच्या हत्येनंतर २२ नोव्हेंबर १९६३ ला जॉन्सन यांनी याच विमानात शपथ घेतली आणि केनेडींचा मृतदेहही यातूनच वॉशिंग्टनला नेला. आतली वाट इतकी अरुंद आहे की पाठीवरची सॅक काढून हातात घ्यावी लागते. त्याच हँगरमध्ये अपोलो १५ चं यान आणि अजस्र पांढरं एक्सबी-७० बॉम्बर विमान आहे. तिथून मागे मागे येत चला. दुसऱ्या महायुद्धाच्या दालनात नागासाकीवर बॉम्ब टाकणारं बॉक्सकार उभं आहे. त्याच्यासमोर बहुतेक जण बोलायचे थांबतात. चालणं बरंच होतं. ज्येष्ठांसाठी दारातच व्हीलचेअर मागून घ्या.

दोनला बाहेर पडलात तर राइट बंधूंचं सायकलचं दुकान बघून होतं. पहिलं उड्डाण १९०३ ला किटी हॉकला झालं खरं, पण विमान वळवायचं कसं हे ते दोघे १९०४-०५ मध्ये डेटनजवळच्या हफमन प्रेरीच्या कुरणात शिकले. हे उद्यान राष्ट्रीय आहे, फुकट आहे, पण दुकानाचे दिवस हंगामानुसार बदलतात. आदल्या दिवशी वेळ तपासा. हवा उघडली तर त्याऐवजी येलो स्प्रिंग्जला जा आणि क्लिफ्टन गॉर्जची वाट धरा. तिथे लिटल मायामी नदी इतक्या अरुंद घळीतून जाते की वरून पाणी दिसण्याआधी ऐकू येतं.

हवेच्या तंट्यावर आणखी एक उतारा ओहायो कॅव्हर्न्स, वेस्ट लिबर्टीजवळ. ही मात्र खरी गुहा, आत बाराही महिने ५४ अंश फॅरनहाइट. जुलैत गेलात तरी स्वेटर घ्या. तिकीट लागतं आणि मार्गदर्शकाबरोबरच आत सोडतात.

नुअर्क: पाऊण तासावरचा जागतिक वारसा

ज्यांना पूर्ण दिवस काढता येत नाही त्यांच्यासाठी हे. सप्टेंबर २०२३ मध्ये ओहायोतली आठ मातीकामं (मातीचे प्राचीन बांध) मिळून युनेस्कोच्या यादीत गेली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या होपवेल या मूळनिवासी संस्कृतीची ही कामं, हातातल्या साधनांनी आणि टोपल्यांनी माती वाहून केलेली. नुअर्कचं ग्रेट सर्कल सुमारे १२०० फूट व्यासाचं आहे. आत शिरल्यावर आधी काहीच कळत नाही, गवताळ बांध आणि झाडं एवढंच. मग बांधाच्या कडेला उभं राहून खाली बघा: खंदक आतल्या बाजूला आहे. किल्ल्याचा खंदक बाहेर असतो हे आपल्याला सांगावं लागत नाही. म्हणजे ही तटबंदी नव्हतीच.

दीड-दोन मैलांवर ऑक्टॅगॉन. अष्टकोनाचा अक्ष चंद्राच्या १८.६ वर्षांच्या चक्राशी जुळवलेला आहे, दर आवर्तनात चंद्र उत्तरेला जिथवर सरकतो त्या टोकाशी. या जागेवर शंभराहून अधिक वर्षं गोल्फचं मैदान होतं. १ जानेवारी २०२५ पासून ती लोकांसाठी पूर्ण वेळ खुली झाली. दोन्ही मिळून तीन तास. उरलेल्या दिवसात पूर्वेला ब्लॅकहँड गॉर्जला जा. जुन्या रेल्वेमार्गावरची पक्की सायकलवाट लहान मुलांना झेपते. हॉकिंगच्या वालुकाश्माला ‘ब्लॅक हँड’ म्हणतात, ते नाव इथलंच: कड्यावर कोरलेल्या एका काळ्या हातावरून आलेलं. तो हात १८२८ मध्ये कालव्याच्या कामात सुरुंगाने उडाला.

होम्स काउंटी: रविवार सोडून

आमिश (मोटार-वीज टाळून जुन्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) वस्तीचा हा टापू पावणेदोन तासांवर, बर्लिन-वॉलनट क्रीक-चार्म या गावांभोवती. पहिली अट: रविवारी जाऊ नका. दुकानं, चीज कारखाने, हॉटेलं जवळजवळ सगळी बंद. शनिवारी रूट ३९ वर मुंगीच्या गतीने वाहतूक. गुरुवार-शुक्रवार उत्तम.

दुसरी अट गाडी चालवण्याची. घोड्याची बग्गी ताशी आठ-दहा मैलांनी जाते, तुम्ही पंचावन्नने. फरक सत्तेचाळीस मैलांचा, म्हणजे सेकंदाला ६९ फूट. टेकडीचा माथा ओलांडला आणि बग्गी ३०० फुटांवर दिसली, तर हातात चार सेकंदांहून थोडाच जास्त वेळ असतो. म्हणून माथा यायच्या आधीच वेग कमी करा. हॉर्न वाजवू नका, घोडा बिथरतो. समोरचं पूर्ण दिसत असेल तरच ओलांडा. आणि माणसांचे चेहरे टिपायला कॅमेरा रोखू नका, त्यांच्या श्रद्धेत ते बसत नाही. शेत, कोठार, वाळत घातलेले कपडे यांचे फोटो काढा.

शाकाहाऱ्यांनी इथे जपून. फरसबीच्या भाजीत बेकन असतं, नूडल्स कोंबडीच्या पाण्यात शिजवलेल्या असतात आणि ‘पाय’ (pie) या गोड पदार्थाच्या पारीत बहुधा डुकराची चरबी. ‘व्हेजिटेरियन आहे का?’ एवढं विचारून भागत नाही. ‘यात लार्ड, बेकन, चिकन ब्रॉथ आहे का?’ असे तिन्ही शब्द घेऊन विचारा. चीजही विकत घेण्याआधी लेबलवर रेनेट (दूध फाडणारा घटक) प्राण्याचं की वनस्पतिजन्य ते वाचा. पाव, लोणी, सफरचंदाचं आटवण आणि आइस्क्रीम एवढ्यावरही दिवस मजेत निघतो.

ईरी सरोवर: बोट चुकली तर बेट तुमचं

सव्वादोन तासांची ही सर्वांत लांबची उडी, आणि उलट्या हिशेबाची खरी गरज इथे लागते. मार्बलहेडहून केलीज आयलंडची बोट पंचवीसेक मिनिटांत पोचवते. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ आधी बघा, तिच्या आधीची बोट आपली समजा. ईरी हे पाच महासरोवरांतलं सर्वांत उथळ, त्यामुळे वारा सुटला की लाटा झपाट्याने चढतात आणि फेऱ्या रद्द होतात. गाडी पलीकडे नेऊ नका. किनाऱ्यावर लावा आणि बेटावर सायकल किंवा गोल्फ कार्ट भाड्याने घ्या.

बेटाच्या उत्तर टोकाला हिमनदीने चुनखडकात ओढलेले चर आहेत, सुमारे ४०० फूट लांब, ३५ फूट रुंद. जणू कोणी अवाढव्य रंध्याने दगड तासला आहे. शेजारचं पुट-इन-बे जास्त प्रसिद्ध, तिथे ३५२ फुटी पेरी स्मारक आहे, पण उन्हाळ्यातल्या शनिवारी तिथे पिणाऱ्यांची जत्रा असते. मुलाबाळांना घेऊन केलीजच बरं. परतताना १८२२ चं मार्बलहेड दीपगृह वाटेवर आहे. जून-जुलैत मेफ्लाय किड्यांचे ढग येतात. चावत नाहीत, पण काच पुसायला पाणी आणि जुनं फडकं ठेवा. उन्हाळा सरताना पाणी हिरव्या रंगासारखं दिसलं तर मुलांना त्यात उतरवू नका, ते शेवाळ विषारी असू शकतं.

क्लीव्हलँड-ॲक्रनमधलं कायाहोगा व्हॅली राष्ट्रीय उद्यान दोन तासांवर, प्रवेश फुकट. ब्रँडीवाइन धबधब्याचं पार्किंग छोटं आहे. नऊच्या आत पोचा, नाहीतर आधी लेजेस (खडकाच्या कड्यांची वाट) करून दुपारी उशिरा या. बालगोपाळांसाठी आणखी एक: कंबरलँडजवळचं द वाइल्ड्स, कोळशाच्या उघड्या खाणींची जमीन सावरून तिथे प्राणी मोकळे ठेवलेत. आपला एकशिंगी गेंडाही आहे. सफारी बसचं आरक्षण आधी करा.

गाडीत काय, पोटात काय

दशम्या किंवा धपाटे, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही. कूलरमध्ये बर्फाऐवजी पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या तर दुपारी त्याच प्यायला होतात. दर माणशी दीड लिटर पाणी. पार्कातल्या बाकांशेजारी लोखंडी शेगड्या असतात, कोळसा आपण न्यायचा. जुलै-ऑगस्टमध्ये रस्त्याकडेला मक्याची कणसं मिळतात, पण ती आपल्या देशी मक्यासारखी भाजू नका. हा मका गोड आणि रसरशीत, उघडा ठेवला तर साखर लगेच करपते आणि दाणा आत कच्चा राहतो. सालासकट वीस मिनिटं पाण्यात भिजवा, सालातच पंधरा मिनिटं फिरवत भाजा, मग सोलून मिनिटभर आचेवर धरा. लिंबू-तिखट-मीठ घरून. लाकूड मात्र घरून नेऊ नका, ॲश झाडं मारणारी कीड त्यातूनच पसरली. लागेल तिथेच विकत घ्या.

आजी-आजोबा आले की पाच सीटचं गणित तपासा. ओहायोत चार वर्षांखालच्या किंवा चाळीस पौंडांखालच्या मुलाला चाइल्ड सीट आणि पुढे आठ वर्षांपर्यंत (किंवा त्याआधी उंची चार फूट नऊ इंच होईपर्यंत) बूस्टर सक्तीचा आहे. ‘थोडंसंच अंतर आहे, मांडीवर घेते’ हे इथे चालत नाही. दोन मुलं असतील तर मिनिव्हॅन घ्या.

ऑक्टोबर ते डिसेंबर तिन्हीसांजेला आणि पहाटे हरणं रस्त्यावर येतात. एक ओलांडून गेलं की सुटलो म्हणू नका, मागे दुसरं असतं. ब्रेक सरळ दाबा, चाक वळवू नका. हरणापेक्षा झाडावर आदळणं जास्त महागात पडतं.

एप्रिल ते ऑक्टोबर जंगलातून आलात तर घरी आल्यावर एक काम उरतं. पँटचे पाय मोज्यात खोचले असले तरी गोचिडी शोधा: गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली, काखेत, मुलांच्या केसांत. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, तेल-बिल लावू नका. आणि कपडे धुण्याआधी कोरडेच ड्रायरमध्ये जास्त आचेवर दहा मिनिटं फिरवा. धुतल्याने गोचिडी मरतीलच असं नाही, कोरड्या उष्णतेने मरतात.